एकोणतिसावं कार्ड

मी गेली पंचवीस वर्षं नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहिते. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर ‘कंप्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर भागवते, कारण त्यापुढे सांगायला लागलं की समोरच्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे कोण आलंय ते शोधू लागते. इथे मात्र थोडं सांगणं भाग आहे. त्याशिवाय पुढे जे घडलं ते कुणाच्या हातून घडलं, हे कळणार नाही.

पूर्वी मोठ्या ऑफिसात किंवा हॉस्पिटलात एका बंद खोलीत लोखंडी कपाट असायचं आणि त्यात नेटवर्कची यंत्रं असायची. कुठल्या विभागाची माहिती कुठे जाऊ द्यायची आणि कुठे अडवायची, हे ती यंत्रं ठरवायची. प्रत्येक विभागाची तार यंत्राच्या एकेका कार्डाला येऊन लागायची. आता बऱ्याच ठिकाणी ती कपाटं गेली. एकाच मोठ्या कंप्युटरच्या आत सॉफ्टवेअरने तसंच यंत्र उभं केलेलं असतं. यंत्र आभासी, त्याची कार्डंही आभासी. पण ते खऱ्या यंत्राची नक्कल करतं आणि नक्कल करताना त्याच्या मर्यादाही उचलतं. त्यातली एक मर्यादा अशी, की प्रत्येक कार्डाला यंत्राच्या आत एक जागा, एक पत्ता लागतो, आणि असे पत्ते बत्तीसच असतात. आमच्या यंत्रात त्यातले चार त्याच्या स्वतःच्याच कामाला जायचे. उरायचे अठ्ठावीस. एकोणतिसावं कार्ड जोडलं की यंत्र सुरूच व्हायचं नाही.

आमची कंपनी बाणेरच्या पुढे एका काचेच्या इमारतीत होती आणि हे आभासी यंत्र आम्ही विकत होतो. त्यातला कार्डांचा भाग माझा. गिऱ्हाइकं मोठी झाली तशी ओरड सुरू झाली, की अठ्ठावीस पुरत नाहीत. त्यावर मी जो उपाय केला तो या धंद्यात सगळेच करतात. एका जागेवर कार्डाऐवजी पूल बसवायचा. पुलाच्या पलीकडे आणखी बत्तीस पत्ते मिळतात. अडचण एवढीच, की पुलालाही अलीकडे एक जागा लागते, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस भरलेल्या असतील तर कुणाला तरी उठवावं लागतं. मी पहिल्या कार्डाला उठवलं. त्याला पुलापलीकडे धाडलं आणि त्याच्या जागी पूल बसवला. पहिलंच का, तर ते लिहायला सोपं होतं. याहून मोठं कारण नव्हतं.

माझं काम तपासणारे टेस्टर माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे होते. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने, अरे-तुरे करत. त्यांना मात्र मॅनेजरसकट सगळे ‘सर’ म्हणत. कसबा पेठेत त्यांच्या घराण्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, ते वडिलांपर्यंत चाललं. चार-पाच पिढ्या पुण्यात काढलेलं मुसलमान कुटुंब. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ, की नव्या लोकांना त्यांचं आडनाव कळल्यावर आश्चर्य वाटायचं आणि ते तसं बोलूनही दाखवायचे. ‘हो, बोलता येतं थोडंफार,’ असं म्हणून सर कामाला लागायचे. मला ते ‘मॅडम’ म्हणत. चूक सापडली की इतरांसारखं नुसतं कळवून मोकळे होत नसत. माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहत आणि मी मान वर करेपर्यंत बोलत नसत.

नवी आवृत्ती शुक्रवारी बाहेर जायची होती आणि ते मंगळवारी दुपारी येऊन उभे राहिले. त्यांनी एक जुनं, अठ्ठावीसही जागा भरलेलं यंत्र घेतलं होतं आणि त्याला एकोणतिसावं कार्ड जोडून बघितलं होतं. यंत्र व्यवस्थित सुरू झालं होतं. पण सुरू होताना यंत्र आपली कार्डं पहिल्या पत्त्यापासून ओळीने मोजतं. पहिल्याच पत्त्यावर त्याला पूल भेटतो. मग ते आधी पुलापलीकडे जाऊन तिथली कार्डं मोजतं आणि नंतर अलीकडची. पलीकडे दोन कार्डं: मी उठवून धाडलेलं जुनं पहिलं आणि नवं कोरं एकोणतिसावं. त्यामुळे पहिलं पहिलंच राहायचं, नवं कार्ड दुसरं व्हायचं, जुनं दुसरं तिसरं, तिसरं चौथं, आणि असे सगळ्यांचे नंबर एकेकाने पुढे सरकायचे. कुणाला काय जाऊ द्यायचं याचे नियम मात्र जुन्या नंबरांवर लिहिलेले असायचे. म्हणजे एक सोडून प्रत्येक विभागावर शेजाऱ्याचे नियम.

मी लगेच समजले. दुरुस्तीही समजली: पूल पहिल्या जागी न बसवता शेवटच्या जागी बसवायचा. दोन दिवसांचं काम, आणि त्यानंतर सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे शुक्रवार गेला. मॅनेजरला विचारायलाही मी गेले नाही. त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते मला हवंही होतं. मी सरांना म्हटलं की आपण हे माहितीपुस्तिकेत घालू. त्यांच्या समोरच एक वाक्य लिहिलं: ‘अठ्ठावीसपेक्षा जास्त कार्डं जोडल्यास कार्डांचा क्रम बदलू शकतो, क्रम तपासून घ्यावा.’

त्यांनी वाकून वाचलं.

“मॅडम, ‘बदलू शकतो’ नाही. बदलतो.”

मी म्हटलं, सर, पुस्तिकेची भाषा अशीच असते. ते थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांच्या जागेवर गेले आणि त्यांनी ती तक्रार बंद केली. नोंदीत लिहिलं, ‘पुस्तिकेत उल्लेख केला आहे. बंद.’ मी ‘बदलू शकतो’ तसंच ठेवलं. शुक्रवारी आवृत्ती बाहेर गेली, पेढे वाटले गेले, मीही खाल्ला.

चारेक महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास, आमच्या मदतकक्षातल्या मुलीचा मला फोन आला. नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आमचं यंत्र होतं. तिथे डायलिसिसचा नवा विभाग सुरू होत होता आणि त्याच्यासाठी कार्ड जोडलं होतं. आता बऱ्याच विभागांतून काहीबाही बंद असल्याचं कळत होतं. मी विचारलं, हे कितवं कार्ड? तिने तिकडच्या तंत्रज्ञाला विचारलं आणि सांगितलं, एकोणतिसावं.

मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता ते कार्ड काढून यंत्र बंद करून सुरू करायला सांग. माझा आवाज कसा होता माहीत नाही, पण शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. सात-आठ मिनिटांत सगळं पूर्ववत झाल्याचा निरोप आला. नवं कार्ड जोडून यंत्र सुरू केल्यापासून तोपर्यंत एक्केचाळीस मिनिटं झाली होती. ती का झाली हे नंतर कळलं. तंत्रज्ञाने कार्ड जोडल्यावर स्वतःच्या कंप्युटरवरून तपासणी केली होती. त्याचा कंप्युटर पहिल्या कार्डावर होता. आणि पहिलं कार्ड तेवढं पहिलंच राहिलेलं होतं. त्याला सगळं चालू दिसलं. त्याने वॉर्डांना फोन करून सांगितलं, झालं, सगळं चालू आहे.

मॅनेजरने सरांना आणि मला लगेच हॉस्पिटलात जाऊन यायला सांगितलं. विद्यापीठ चौकात गाडी बराच वेळ उभी होती, तेव्हा सर एकदाच म्हणाले, की आधी अतिदक्षता विभाग विचारू. अतिदक्षता विभाग ठीक होता. तिथे नर्स खाटांच्या मधेच असतात, समोर रुग्ण दिसत असतो. गोष्ट चौथ्या मजल्यावर झाली होती.

चौथ्या मजल्यावर हृदयाच्या रुग्णांच्या एकेकट्या खोल्या होत्या. प्रत्येक खाटेपाशी नाडीचे, श्वासाचे आकडे दाखवणारं मशीन, आणि त्या सगळ्या मशिनांचे आकडे मजल्याच्या मध्यावर नर्सच्या टेबलावर एका पडद्यावर उमटायचे. आकडा बिघडला की टेबलावर गजर व्हायचा. दुपारी यंत्र दोन मिनिटं बंद राहील असं नर्सना आधी कळवलेलं होतं. ती दोन मिनिटं त्या दारादारांत उभ्या राहिल्या. मग ‘चालू आहे’ असा फोन आला आणि त्या टेबलाशी परतल्या. पडद्यावर आकडे होते. पण ते बंद होण्याआधीचे, थिजलेले आकडे होते. जोडणी तुटल्याची खूण कोपऱ्यात होती, बारीक अक्षरांत. हे आम्हाला तिथल्या मुख्य नर्सबाईंनी सांगितलं. बोलताना त्या हातातलं पेन उघडत होत्या, मिटत होत्या. शेवटी म्हणाल्या, की टोकाच्या खोलीतल्या बाईंची नाडी पडद्यावर शहात्तर दिसत होती.

टोकाच्या खोलीत पासष्टीच्या एक बाई होत्या. त्यांच्या हृदयाची लय बिघडली. खाटेजवळचं मशीन वाजत होतं, पण सकाळी त्यांना झोप लागावी म्हणून त्याचा आवाज कमी केलेला होता आणि दार लोटलेलं होतं. सोबतीला त्यांचे यजमान होते. ते खाली औषधाच्या रांगेत उभे होते. परत आले तेव्हा त्यांना बायको निपचित दिसली. आम्ही पोचलो तेव्हा बाईंना अतिदक्षता विभागात नेऊन दोन तास होऊन गेले होते.

सर त्या खोलीत मशीनची तार तपासायला गेले. मी बाहेर मार्गिकेत बाकाजवळ उभी राहिले. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायाशी कापडी पिशवी, तिच्यातून मोसंबी दिसत होती. माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं; त्यांना मी हॉस्पिटलचीच वाटले असणार.

“मॅडम, ते मशीन आपोआप वाजते ना? माणूस नसला तरी?”

बोलण्यावरून ते विदर्भातले वाटले. मी म्हटलं, “हो, वाजतं.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागले. ते कोण, हे मला कळलेलं होतं. मी तिथून हलले, जिन्यापाशी गेले आणि सर येईपर्यंत जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखं करत राहिले.

बाई तिसऱ्या दिवशी गेल्या. मला ते मदतकक्षातल्या मुलीने सांगितलं, चहाच्या यंत्रापाशी, हळू आवाजात, आणि वर म्हणाली की वय होतंच त्यांचं.

घरी मी आठवडाभर याबद्दल काही बोलले नाही. नवऱ्याला वाटलं मला बरं नाही. मुलगी कॉलेजातून आली की मी तिच्याशी नेहमीसारखं बोलायचे, आणि मधेच तिला काय विचारलं होतं तेच विसरायचे.

पुढच्या सोमवारी ऑफिसात बैठक झाली. मॅनेजर, कंपनीचे वकील, सर आणि मी. मॅनेजर माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मनाने वाईट नाही, पण त्या दिवशी तो फार घाबरलेला होता. वकिलांनी सुरुवातीलाच सांगितलं, की मर्यादा पुस्तिकेत नमूद होती, तेव्हा आपली बाजू भक्कम आहे. फक्त एकच गोष्ट खटकते. हा दोष आधी सापडला होता आणि त्याची नोंद बंद करण्यात आली होती. ती कुणी बंद केली?

मॅनेजर पडद्यावर बघून म्हणाला, “सर, क्लोज तुम्ही केलीय. राइट?”

नोंदीत शेवटचं नाव सरांचं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं, कारण मी जे केलं ते तोंडी केलं होतं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. वाक्य तयारही होतं: ‘मी सांगितलं म्हणून केली.’ एवढंच. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मला वाटत होतं, सर सांगतीलच. मग मी लगेच हो म्हणेन. म्हणजे मला सुरुवात करावी लागणार नाही.

सर म्हणाले, “हो. मी बंद केली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. वकिलांनी ते लिहून घेतलं. बैठक पुढे अर्धा तास चालली, पण माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच. तीन आठवड्यांनी सरांकडून राजीनामा घेतला गेला. निरोप समारंभ झाला नाही. एका दुपारी ते खांद्याला पिशवी अडकवून गेले. टेबलावरचं छोटं दिनदर्शिकेचं पान तेवढं उलटायचं राहिलं. त्या महिन्यात मी पूल शेवटच्या जागी हलवला. दोन दिवस लागले.

मला कुणी काही बोललं नाही. उलट तो भाग कळणारी मी एकटीच, म्हणून मला जास्त सांभाळून घ्यायला लागले.

दीड महिन्यानंतर एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. फोन करून गेले असते तर त्यांनी नको म्हटलं असतं, असं मला वाटलं. मंडईपाशी स्कूटर लावली आणि पुढे विचारत विचारत चालत गेले. कसब्यातल्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग ‘या’ म्हणाल्या. पाणी दिलं, चहा टाकायला आत गेल्या आणि चहा देऊन झाल्यावर पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

सर खिडकीपाशी बसले होते. दाढी वाढलेली होती. त्यांना वाईट वाटेल असं काही बोलायला मी आले नाही, हे सांगताना मी दोनदा अडखळले. मग म्हटलं, की त्या दिवशी बैठकीत मी बोलायला हवं होतं.

“हवं होतं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, मी आता सगळं लिहून देते. कंपनीला आणि हॉस्पिटलच्या चौकशी समितीलाही. निर्णय माझा होता, तुम्ही मला बजावलं होतं, हे सगळं.

खाली दुकानात कुणीतरी भांडी उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ते सावकाश बोलायला लागले. म्हणाले, की त्या दिवशी ते खोलीत गेले तेव्हा खाट रिकामी होती. चादर बदललेली नव्हती, उशीवर खोलगा तसाच होता. शेजारी चष्मा होता. आणि त्यांनी काय केलं, तर वाकून तार कुठल्या खोबणीत जाते ते बघितलं, आणि तार बरोबर आहे असं कागदावर लिहिलं.

“तुम्हाला मंगळवारी कदाचित कळलं नसेल हे कुठवर जाईल. मला कळलं होतं, मॅडम. सव्वीस वर्षं तेच काम केलंय. कळत होतं आणि मी ‘बंद’ लिहिलं. तेव्हा तुम्ही लिहा. पण माझ्यासाठी लिहू नका.”

मी चहा संपवून निघाले. जिन्यात अंधार होता. त्यांनी वरून दिवा लावला.

पत्र लिहायला मला चार दिवस लागले. कंपनीला दिलेल्या प्रतीवर काही झालं नाही. वकिलांचा एक सौम्य फोन आला, मला दुसऱ्या विभागात हलवलं गेलं, आणि जुन्या नोंदीत ‘विकासकाच्या सूचनेवरून’ असे दोन शब्द घालण्यात आले. विकासक म्हणजे मी. माझं नाव त्यातही नाही.

हॉस्पिटलातून मात्र बोलावणं आलं. चौकशी करणाऱ्या डॉक्टर साठीच्या पुढच्या, शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. माझं पत्र त्यांच्यासमोर होतं. म्हणाल्या, मी हे तीनदा वाचलं आणि पहिल्या दोनदा मला कळलं नाही. मी त्यांच्याकडून कोरा कागद घेतला आणि वॉर्ड काढला. अठ्ठावीस खाटा, प्रत्येकीला नंबर. एक नवी खाट आली आणि ती टोकाला न ठेवता पहिल्या खाटेच्या शेजारी घातली. दुसरीपासून सगळ्यांचे नंबर बदलले. पण केसपेपर जुन्या नंबरांवरच राहिले.

त्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि बघत राहिल्या.

“टोकाला का नाही ठेवली?”

“शुक्रवार होता,” मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मी त्यांना विचारलं, की वेळेवर कळलं असतं तर बाई वाचल्या असत्या का. त्या म्हणाल्या, की हृदय आधीच फार खराब होतं. कदाचित वाचल्या असत्या, कदाचित तोच झटका पुढच्या आठवड्यात आला असता. कुणालाही सांगता येणार नाही, आणि मलाही ते कुणी सांगू नये असं त्यांना वाटतं. मग म्हणाल्या, अहवालात हे येईलच, पण त्यांच्या घरच्यांना तो वाचून कळायचा नाही. त्यांच्या यजमानांना मी बोलावणार आहे. तुम्ही समोर बसून सांगाल का?

मी हो म्हटलं.

ते गृहस्थ ठरल्या वेळेच्या आधीच येऊन बसले होते. तोच सदरा की दुसरा, सांगता येणार नाही. विदर्भातल्या एका गावाहून मुलाच्या नोकरीमुळे चार वर्षांपूर्वी दोघं पुण्याला आले होते. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. डॉक्टरबाईंनी माझी ओळख करून दिली. त्यांनी मला ओळखलं नाही. मी सांगितलं, की त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. मग वॉर्डाचा तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सावकाश सगळं सांगितलं. चूक माझ्या हातून कशी झाली, मला ती आधी कशी माहीत होती, नर्सना पडद्यावर काय दिसत होतं.

मला काय अपेक्षा होती, ते आता प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला वाटत होतं ते रागावतील. किंवा त्यांना हलकं वाटेल, की यात त्यांची काही चूक नव्हती. दोन्हींची मी तयारी करून गेले होते.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती वेळ बंद होतं म्हणता?”

मी म्हटलं, “एक्केचाळीस मिनिटं.”

त्यांचे ओठ हलले. ते हिशेब करत होते. मग त्यांनी डॉक्टरबाईंकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

“मी पोराले सांगितलं, दहा मिनिटं खाली गेलो होतो म्हणून. सगळ्याईले तेच सांगितलं. औषध मिळून गेलं होतं, पण मी बाहेर टपरीवर बसलो. चहा पेलो. एक गाववाला भेटला, त्याच्यासंग बोलत बसलो. दार म्या लोटलं होतं. तिले झोप लागावी म्हणून. मी वर असतो तर...”

डॉक्टरबाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणत राहिले, की नाही हो, तुमचा यात काही दोष नाही, मशीन त्यासाठीच असतं, माणसाला खाली जाता यावं म्हणूनच असतं. ते ऐकत नव्हते. इतके महिने त्यांच्याजवळ नक्की आकडा नव्हता. दहा मिनिटं म्हणता म्हणता त्यांनी ती स्वतःलाही पटवली असावीत. तो आकडा मी त्यांना नेऊन दिला होता.

ते गेल्यावर डॉक्टरबाईंनी मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. त्यांनी कागदाची घडी घालून फाईलमध्ये ठेवली. मी म्हटलं, मी हे सांगायला नको होतं का? त्या म्हणाल्या, सांगायलाच हवं होतं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “पण तुम्हाला बरं वाटेल म्हणून नाही.”

पुढच्याच आठवड्यात मी सरांना भेटायला गेले. सदाशिव पेठेत, एका क्लासेसच्या इमारतीत ते नेटवर्क शिकवायला लागले होते. बहुतेक विद्यार्थी बाहेरगावचे, खोल्या घेऊन राहणारे. संध्याकाळी पाचच्या बॅचच्या आधी आम्ही खाली फाटकाशी उभं राहून बोललो. विद्यार्थी स्कूटरवरून येत होते, त्यांना बघून सर बाजूला सरकत होते. मी त्यांना त्या गृहस्थांचं सगळं सांगितलं. टपरीचं, दार लोटल्याचं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ते म्हणतील की तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, किंवा चूक केलंत. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

“मुलगा असतो ना सोबत त्यांच्या?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, असतो, पण पाळ्या असतात त्याच्या.

वरून कुणीतरी खिडकीतून हाक मारली, सर, सगळे आलेत. त्यांनी हात वर करून येतो म्हणून सांगितलं, मला म्हणाले, सावकाश जा, आणि जिना चढून वर गेले.